प्लास्टर ओलं आहे

३ जून

छोटी,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ते लिहिले आहेत असं समज. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला, आणि काम आहे म्हणून घेतला. उगाच गैरसमज नको.

दातांच्या रंगांची जुनी पट्टी कुठे ठेवलीस? नवी आहे, पण तिच्यातले पिवळे मला पटत नाहीत. सगळे ड्रॉवर उपसून झाले. तू नेली असशील तर तसं कळव, म्हणजे मी शोधणं थांबवीन. नेली नसशील तरी कळव.

बाकी लॅब उत्तम चालली आहे. दवाखान्यांतून मापं येतात, साचे भरले जातात, मेणात दात लागतात, कवळ्या डब्यांत बसून ज्याच्या त्याच्या तोंडी जातात. एका माणसाच्या जाण्याने कुणाचे दात अडून राहिलेले नाहीत. तुझ्या टेबलावर सध्या मी खोकी ठेवली आहेत.

त्या दिवशी मी काय बोलले ते मला आठवतं. सगळ्यांसमोर बोलले असं तू म्हणशील. लॅब म्हणजे एक खोली आणि माझी फळकुटाची केबिन, मी काय गच्चीवर जाऊन बोलायला हवं होतं? साचा तू फोडला नव्हतास हे नंतर कळलं. पण मी आले तेव्हा तो फुटलेला होता आणि शेजारी तू उभी होतीस. 'तुझ्या हातात काही नाही' एवढंच मी म्हणाले. माणूस रागात बोलतो, ऐकणाऱ्याने ते संध्याकाळपर्यंत सोडून द्यायचं असतं. तू अॅप्रन काढून खुर्चीवर टाकलास आणि परगावच्या लॅबमध्ये जाऊन बसलीस. तिथले मालक म्हणे कधी आवाज चढवत नाहीत. कौतुक आहे. काम वेळेवर जातं का त्यांचं?

हो, आईची कवळी झाली. माप तेवढं डॉक्टरांनी घेतलं, पुढचं सगळं मी केलं. बसवलीही मीच. डॉक्टरांना म्हटलं, घरचंच तोंड आहे, मी बघते. तू गेलीस त्याच आठवड्यात दात लावले, हातात दहा कामं असताना. आईला आवडली आहे.

फक्त हल्ली ती जेवत नाही. ताटावर बसते, चार घास खाते आणि भूक नाही म्हणते. बोलतेही कमी. का ते मी तुला सांगायला नको. लेक घर सोडून गेली की आईच्या घशाखाली घास उतरत नाही. एवढं वाचून तरी फोन उचलशील अशी आशा आहे.

ताई

१९ जुलै

छोटी,

तू मला उत्तर पाठवत नाहीस, पण दुपारी आईला फोन करतेस हे मला माहीत आहे. मी घरात शिरले की ती 'बरं, ठेवते' म्हणते. मी विचारत नाही. माझ्याच घरात चोरून बोलावं लागावं इतकी मी वाईट असेन तर बोला बापड्यांनो.

रंगांची पट्टी सापडली. माझ्याच पर्समध्ये होती. पुढे काही लिहू नकोस.

आज वेगळ्या कारणासाठी लिहिते आहे. काउंटरवर नवी मुलगी ठेवली आहे. कामाला चांगली आहे, पण जिभेला हाड नाही. गेल्या आठवड्यात एका सकाळी मी आत काम करत होते, ती दारातून डोकावली आणि सरळ विचारती झाली, "मॅडम, प्लास्टर ओलं आहे की सुकलं?"

मी म्हटलं, "कुठलं प्लास्टर?"

"म्हणजे मी आत येऊ ना? सगळे म्हणाले, ओलं असेल तर जायचं नाही."

बाहेर सगळ्यांचे हात थांबले. पॉलिशच्या मशीनचा आवाजसुद्धा थांबला.

छोटी, इतकी वर्षं मी त्या दाराआडून हे वाक्य ऐकत आले. 'प्लास्टर ओलं आहे अजून.' 'सकाळपासून ओलंच आहे.' 'जेवणानंतर सुकेल.' आणि मी आतून ओरडायचे, "मग पंख्याखाली ठेवा की!" तुम्ही सगळे खाली माना घालून हसत असणार. पॉलिशवाले मामा तर माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनीही हसावं?

मी सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, हे कुणी सुरू केलं. शेवटी मामा म्हणाले, "छोट्या मॅडमनी. पण चेष्टा म्हणून नाही. त्या आधी आत येऊन अंदाज घ्यायच्या आणि आम्हाला सांगायच्या, म्हणजे आमचं काम अडू नये." म्हणजे तू मला चहा आणून द्यायचीस, कपाळावर केस आले की मागे सारायचीस, आणि ते सगळं माझं प्लास्टर तपासायला. मला वाटायचं, बहीण माया करते आहे.

मी जाहीर केलं की हे वाक्य आजपासून बंद. कुणीही कधीही आत यायचं. माझा मूड काहीही असो, काम ते काम. हे सांगताना माझा आवाज चढलेला होता, असं नंतर ती काउंटरवरची मुलगी म्हणाली.

त्यानंतर खरंच सगळे आत येतात. हसत येतात, हसत जातात, आणि कामाचं एक अक्षर बोलत नाहीत. परवा कवळ्या शिजवायच्या भट्टीचं पाणी उकळतच नव्हतं, दुपारपर्यंत कच्च्या कवळ्या निघाल्या. विचारलं तर म्हणे, "मॅडम, तुम्हाला सकाळी 'सगळं ठीक' सांगितलं होतं ना, मग परत कसं सांगायचं?" तू असताना निदान चूक संध्याकाळी तरी माझ्यापर्यंत यायची. तू ती कपड्यात गुंडाळून आणायचीस, पण आणायचीस.

आणखी एक. एका निवृत्त शिक्षिकेची कवळी परत आली. मापात कुठे खोट नाही. बाईंची तक्रार एवढीच की नातवंडं विचारतात, आजी तू सारखी चिडलेली का असतेस? डॉक्टर फोनवर हसत होते. मी हसले नाही. कवळी समोर ठेवून पाहत राहिले. वरचे दात ओठाआड गेलेले, वरखाली दात टेकतात तो चावा दाबलेला. असं तोंड मिटलं की ओठांचे कोपरे खाली येतात. तारीख पाहिली. तू गेलीस त्याच सुमाराचं काम.

तू एकदा म्हणाली होतीस, "ताई, तुझ्या रागाच्या दिवसातली कवळी मी डोळे मिटून ओळखते. मेणाला दम देत असल्यासारखी दाबतेस." मी तुला हाकलून दिलं होतं. आणि खुशीत असले की सगळ्यांना पांढरेशुभ्र दात लावते, हेही तूच म्हणाली होतीस. त्या काठी टेकत येणाऱ्या आजोबांना आपण नटाचे दात देऊन पाठवलं होतं, आठवतं? ते किती खूश होते. त्यांची बायको मात्र दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

हे सगळं मान्य करते असं नाही. पण लिहून ठेवते आहे.

आई तशीच आहे. आता वरण-भातसुद्धा नको म्हणते. जरा समजाव तिला. तुझं ऐकते.

ताई

२५ ऑगस्ट

छोटे,

काल दुपारी डोकं दुखत होतं म्हणून मी लवकर घरी आले. किल्लीने दार उघडलं. आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसली होती, दुधात ब्रेड कुस्करून चमच्याने खात होती. समोर ओल्या रुमालावर कवळी काढून ठेवलेली. मला पाहिल्यावर तिने काय केलं सांगू? तोंडातला घास तसाच, आणि घाईघाईने कवळी उचलून तोंडात घालायला लागली. लहान मूल चोरून गोड खाताना सापडावं तशी. कवळी घासावर बसेना. तिला ठसका लागला. मी पाठ चोळत होते आणि ती एका हाताने मला 'काही नाही, काही नाही' करत होती.

मग मी तिला उजेडात बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीला दोन्ही बाजूंनी व्रण. एक जुना, कडा पांढऱ्या पडलेला. कवळीची कड लांब राहिली आहे. घासायची राहून गेली. पहिल्या दिवशी मी विचारायला हवं होतं आणि दाबून बघायला हवं होतं. शिकाऊ पोरीसुद्धा करतात ते. मी कवळी बसवली, 'चांगली दिसतेस' म्हणाले आणि फोनवर कुणाशी तरी भांडायला निघून गेले.

"कधीपासून दुखतंय?"

"सुरुवातीपासूनच थोडंसं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिने रुमालाची घडी केली. मग म्हणाली, "सांगणारच होते गं. म्हटलं, तुझं जरा सुकू दे."

छोटे, मी पुन्हा विचारलं नाही. ऐकलं होतं नीट. दुपारी लॅबमध्ये येऊन बसायची ना ती, डबा घेऊन, तेव्हा ऐकून ऐकून शिकली असणार. आपली आई, माझ्या जन्मापासून मला ओळखते, आणि ती माझं प्लास्टर सुकायची वाट बघत बसली. रोज संध्याकाळी मी चप्पल कशी काढते ते ऐकायची, असंही तिने सांगितलं. एक चप्पल दुसरीवर पडली तर आज नको. दोन्ही नीट ठेवल्या तर बघू. आणि नीट ठेवल्या त्या दिवशी तिला वाटायचं, आज ताई जरा खुशीत आहे, कशाला तिचा दिवस घालवा.

म्हणजे माझा दिवस वाईट असला तरी सांगायचं नाही आणि चांगला असला तरी सांगायचं नाही. मग तिने सांगायचं तरी कधी?

मी घरी काय आरडाओरडा करते का गं? लॅबमध्ये करते, ते कबूल. घरी तर मी फक्त गप्प असते. मला वाटायचं, गप्प बसणं म्हणजे राग आवरणं. आई म्हणाली, "तू ओरडलीस तर निदान कळतं कशावर ते."

दवाखान्यात तिचं वजन केलं. आकडा लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, अशी ढासळली तर पुढे साधा तापसुद्धा झेपणार नाही, दातांचं काय ते लवकर करा.

तुला हे माहीत होतं का? खरं सांग. रोज फोन चालू होते.

ताई

१ सप्टेंबर

छोटे,

तुझं कार्ड मिळालं. 'तिने मला तुझ्यापाशी न बोलण्याची शपथ घातली होती आणि मलाही तुझ्याशी बोलायचा धीर नव्हता.' एवढंच. सही नाही, पत्ता नाही. मी ते पर्समध्ये ठेवलं आहे.

तुला रागवायला बसले होते. बहीण असून आईची उपासमार बघत राहिलीस, असं लिहायला घेतलं होतं. दोन कागद फाडले. मग लक्षात आलं की तुला आईची माया कमी नव्हती, माझा धाक जास्त होता. आणि तो धाक मी मेहनतीने तयार केला आहे. बाबा गेल्यावर लॅब हातात आली तेव्हा मला काही येत नव्हतं. आवाज चढवला की लोक कामाला लागतात एवढं पहिल्याच महिन्यात कळलं, आणि तेच धरून बसले. खरं सांगू? बऱ्याचदा मला राग आलेला नसायचाच. मी दमलेली असायचे. दमले आहे असं म्हणायची लाज वाटायची, रागावण्याची वाटत नव्हती.

साचा फुटला त्या दिवशीही मी दमलेलीच होते. तुझ्या हातांविषयी मी जे बोलले ते खोटं होतं. हे तेव्हा संध्याकाळी म्हणायला हवं होतं. तू अॅप्रन टाकून जिन्यापाशी थांबली होतीस, ते मी आतून पाहिलं होतं. बराच वेळ थांबली होतीस. मी मेण तापवत बसले.

ताई

१४ सप्टेंबर

छोटे,

व्रण भरले. आईची जुनी कवळी मी घासणार नाही, तिचा चावाच चुकला आहे. डॉक्टरांनी नवीन माप घेतलं, साचे नवीन भरले. दात लावायला मी बसले. मन शांत ठेवून बसले. सकाळी कुणाशी बोलले नाही, रेडिओ लावला, हात धुतले. आणि मेण हातात घेतलं की आईचा तो घाईघाईने कवळी घालणारा हात दिसायचा. मग जबडे आपोआप आवळले जायचे. माझे, आणि बोटांखालचे मेणाचेही.

लावून झाल्यावर मामांना बोलावलं. म्हटलं, "मामा, खरं सांगा, कसं आहे?" त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दातांकडे. म्हणाले, "झकास."

पुन्हा म्हटलं, "मामा, मी चिडणार नाही."

"नाही मॅडम, झकासच आहे."

मी उठून बाहेर गेले. काउंटरवरच्या मुलीला आत पाठवलं, म्हटलं त्यांना विचार आणि मला सांगू नकोस, कागदावर लिहून ठेव. ती बाहेर आली, कागद उलटा ठेवला आणि पाणी प्यायला गेली. कागदावर लिहिलं होतं, 'मामा म्हणतात, आजी रडवेल्या दिसतील.'

मेण वितळवून टाकलं. दोनदा लावलं, दोनदा वितळवलं. मला आता माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही आणि दुसऱ्याच्या तोंडून खरं येत नाही, मग कवळी कशाच्या आधारावर करायची?

म्हणून हे पार्सल. वरचा साचा, खालचा साचा, चाव्याचं माप, आणि आईचा तिच्या चाळिशीतला फोटो, ज्यात ती कुणाकडे तरी बघून तोंडभर हसते आहे. बहुतेक तुझ्याकडेच, तू नुकती चालायला लागली होतीस. रंग तू ठरव. साचे मी कापसात गुंडाळले आहेत, तरी हाताळताना जप. फुटला तर फुटला. मी काही बोलणार नाही.

तुला जमणार नसेल तर तसं सांग. मी बाहेरून कुणाकडून तरी करून घेईन. पण आईने विचारलं, "छोटी करेल का?" आणि विचारून लगेच माझ्या तोंडाकडे बघितलं.

तुझी ताई

२ नोव्हेंबर

छोटे,

कवळी महिन्यापूर्वीच पोचली, लिहायला उशीर झाला. डबा मी लॅबमध्ये सगळ्यांसमोर उघडला. मामांनी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि डोळ्यांना लावली. मी बराच वेळ बघत राहिले. पुढचा एक दात तू किंचित तिरका लावलास, तिचा होता तसा. मला तो सरळ करायचंच सुचलं असतं. कडा किती हळुवार गोल केल्या आहेस. मला हेवा वाटला, तो लपवत नाही. अभिमानही वाटला. मामांना म्हणाले, "ही माझ्या बहिणीच्या हातची आहे." त्यांना माहीतच होतं, पण मला म्हणायचं होतं.

या वेळी बसवायला डॉक्टरांकडेच नेलं. आई आरशात बघून हसली, आणि खरंच फोटोतली दिसली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कुठे टोचतंय?" तिने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कुठेच नाही. छान आहे."

पुढच्या खेपेला मी बाहेर बाकावर बसले. आतून तेच उत्तर आलं. घरी येताना मी म्हटलं, "आई, दुखत असेल तर डॉक्टरांना सांग, मी नव्हते ना तिथे." ती म्हणाली, "ते तुझ्या ओळखीचे आहेत गं, तुला सांगणारच."

आता ती माझ्यासमोर बसून जेवते. सगळं खाते, मागून घेते, माझ्याकडे बघून हसते. मी चप्पल जपून ठेवते, हसत घरात शिरते, लॅबमध्ये कुणावर ओरडत नाही. महिना झाला. लोक म्हणतात मॅडम बदलल्या. पण भट्टी बिघडली तर अजूनही मला शेवटी कळतं, आणि आईचं वजन हललेलं नाही.

कदाचित वय असेल. कदाचित वजन सावकाश भरेल. कदाचित तुझी कवळी लोण्यासारखी बसली असेल आणि ती खरंच बोलत असेल. कदाचित कुठेतरी एवढीशी कड लागत असेल आणि ती मागून घेतलेला घास मी उठल्यावर ताटाखाली सारत असेल. मी रोज तिच्या तोंडात बघते. व्रण नाही दिसत. पण व्रण व्हायच्या आधीचं दुखणं दिसत नसतं, हे तुला माहीत आहे. दाबून विचारावं लागतं आणि समोरच्याने खरं सांगावं लागतं. मी दाबते तेव्हा तिची पापणीसुद्धा हलत नाही. माझ्यासमोर न कण्हण्याची तिला इतकी सवय झाली आहे की आता मी कितीही गोड बोलले तरी ती सवय तिच्या या जन्मात जाईल असं मला वाटत नाही.

तू ये. फोनवर नको, तोंडात बघावं लागेल. घासायची मशीन घरी आणून ठेवते. लॅबमध्ये पाऊल टाकायचं नसेल तर टाकू नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तरी चालेल. तू आत जा, दार लावून घे, आणि तिला विचार. तुला ती खरं सांगेल. काय म्हणाली ते मला सांगू नकोस. फक्त जिथे टोचतंय तिथे घास.

मी जिन्यात बसून राहीन.

ताई